मधल्या पट्ट्यातला रस्ता: तलाव आणि डोंगरांच्या प्रदेशात ग्रॅव्हल बाईकचा मार्ग कसा आखायचा

तलाव-डोंगरांच्या प्रदेशाचा नकाशा समोर आला की बहुतेक जण सगळ्यात मोठा तलाव निवडतात आणि त्याला वळसा घालणारी रेघ ओढून मोकळे होतात. स्क्रीनवर ती सपाट आणि सोपी दिसते. प्रत्यक्षात तिचा बराच भाग डांबरी निघतो, त्यावर गाड्यांची रीघ असते आणि मधेच रस्ता कुणाच्या तरी बंगल्याच्या फाटकापाशी संपतो. काही जण याच्या अगदी उलट, थेट खिंडी आणि माथे गाठायला निघतात. त्यांचा अर्धा दिवस सायकल खांद्यावर घेऊन जातो.

ग्रॅव्हल बाईकला, म्हणजे खडीच्या आणि कच्च्या रस्त्यांसाठी बनवलेल्या रुंद टायरच्या सायकलीला, मानवणारा रस्ता अशा प्रदेशात काठावर क्वचित सापडतो आणि माथ्यावर त्याहून क्वचित. तो असतो मधल्या पट्ट्यात. पाण्यापासून बरंच वर, झाडीची हद्द संपण्याच्या आत. हे एकदा डोक्यात बसलं की मार्ग आखण्याचं निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं म्हणजे परवानगी, चढाचं गणित, टायर आणि वारा.

पायरी १: आधी पट्टा शोधा, मग रेघ ओढा

मधला पट्टाच का, हे समजायला थोडा भूगोल लागतो. आल्प्स, इंग्लंडचा लेक डिस्ट्रिक्ट, नॉर्वे या भागांतले बहुतेक मोठे तलाव हिमनद्यांनी खोदलेल्या दऱ्यांमध्ये साचलेले आहेत. हिमनदी दरीचा तळ खोल करते आणि बाजू उभ्या कापते. इटलीतल्या गार्डा तलावाचं पाणी समुद्रसपाटीपासून ६५ मीटरवर आहे आणि तलावाची कमाल खोली ३४६ मीटर आहे, म्हणजे तळ समुद्रसपाटीच्याही बराच खाली जातो. इतक्या उभ्या बाजूंच्या दरीत काठालगत जागाच उरत नाही. त्यामुळे गार्डाच्या पश्चिम काठावरचा रस्ता खडक फोडून, बोगद्यामागून बोगदा काढत न्यावा लागला. तो १९३१ मध्ये खुला झाला. आज त्या बोगद्यांमधून बस आणि ट्रकसोबत सायकल चालवणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही.

उभ्या भिंतीच्या वर मात्र बऱ्याच दऱ्यांमध्ये उतार थोडा मवाळ होतो आणि डोंगराला एक खांदा फुटल्यासारखा दिसतो. कुरणं, लाकडासाठी राखलेली जंगलं आणि गुराख्यांच्या झोपड्या तिथे असतात. त्यांच्यापर्यंत ट्रॅक्टर आणि लाकडाचे ट्रक पोहोचावेत म्हणून केलेले खडीचे रस्ते डोंगराला धरून आडवे जातात. तेच आपले रस्ते.

या पट्ट्यात चार प्रकारचे रस्ते नावं घेऊन शोधावेत.

वनरस्ते सर्वांत जास्त सापडतात. लाकडाचा भरलेला ट्रक उतरायचा असल्याने त्यांचा चढ सहसा १० ते १२ टक्क्यांच्या आसपास रोखलेला असतो आणि वळणं रुंद असतात. पण यातले बरेच रस्ते कुठेच जात नाहीत. जिथे झाडं तोडायची होती तिथे ते संपतात. नकाशावर दोन वनरस्त्यांची टोकं जवळजवळ दिसली म्हणून ती जोडलेली आहेत असं समजू नका. मधले ३०० मीटर काटेरी झुडपांचे असू शकतात.

जुने लष्करी रस्ते हा मधल्या पट्ट्यातला ऐवज आहे. तोफा आणि खेचरं चढवायची होती म्हणून चढ एकसारखा, वळणं मोजून मापून काढलेली. गार्डाजवळच्या त्रेमाल्झो खिंडीपलीकडे उतरणारा रस्ता पहिल्या महायुद्धातला आहे.

बंद पडलेले लोहमार्ग सर्वांत सौम्य. रेल्वेला तीव्र चढ झेपत नाही, त्यामुळे दोन-तीन टक्क्यांपलीकडे ते सहसा जात नाहीत. पण ते दरीच्या तळाशी असतात आणि एव्हाना त्यांतले बरेच डांबरी झाले आहेत. मार्गाचे दोन चांगले तुकडे जोडायला त्यांचा उपयोग करावा.

चौथा प्रकार म्हणजे धरणाच्या जलाशयाभोवतीचे देखभालीचे रस्ते. काठावर जाऊ नका या माझ्या नियमाला हा एकमेव पक्का अपवाद. धरण बांधलं की पाणी दरीच्या मधल्या उंचीपर्यंत चढतं, जुना तळरस्ता बुडतो आणि नव्या काठाला धरून नवा रस्ता काढावा लागतो. म्हणजे पाणीच मधल्या पट्ट्यात येऊन थांबतं. उत्तर इंग्लंडमधल्या किल्डर या मानवनिर्मित तलावाभोवती सुमारे ४२ किलोमीटरची अशी वाट आहे. चालणारे, घोडेस्वार आणि सायकलस्वार तिघांसाठी ती खुली आहे. पहिल्यांदाच अशा प्रदेशात जाणाऱ्याने नैसर्गिक तलावापेक्षा जलाशय निवडावा.

पायरी २: नकाशा खरं सांगतोय का ते तपासा

कोमूट, राइडविथजीपीएस यांसारख्या मार्ग आखणाऱ्या ॲपना तुम्ही 'ग्रॅव्हल' असा पर्याय देता तेव्हा ती बहुतेक वेळा ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावरच्या नोंदी वाचत असतात. त्या नोंदी स्वतः उघडून बघायची सवय लावा. कच्च्या रस्त्याला तिथे ग्रेड १ ते ग्रेड ५ अशी प्रत दिलेली असते. ग्रेड १ म्हणजे पक्का कडक पृष्ठभाग, ग्रेड ५ म्हणजे नुसती माती आणि गवत. ४० मिलिमीटर टायरवर ग्रेड २ मजेत जातो. ग्रेड ३ कोरड्या दिवसांत ठीक. ग्रेड ४ आणि ५ पावसानंतर सोडून द्या.

पृष्ठभागाच्या नोंदीत एक खुबी आहे. 'कॉम्पॅक्टेड' किंवा 'फाइन ग्रॅव्हल' असं लिहिलेला रस्ता आपल्याला हवा तसा, दाबून बसवलेल्या बारीक खडीचा असतो. नुसतं 'ग्रॅव्हल' लिहिलेलं असेल तर तिथे रुळांखाली टाकतात तसली मोठी, धारदार खडी असण्याची शक्यता असते. चढावर तिच्यात मागचं चाक जागच्या जागी फिरतं.

मग उपग्रहाचं चित्र उघडा. रस्त्यावर दोन फिकट समांतर पट्टे आणि मधे हिरवी रेघ दिसली तर त्यावरून चारचाकी नियमित जाते आणि चाकोरी कडक आहे. झाडांखाली पट्टे दिसेनासे झाले तर दोन्ही टोकांना ते पुन्हा दिसतात का ते बघा. स्ट्राव्हा या ॲपचा हीटमॅप, म्हणजे लोक कुठून जास्त जातात ते दाखवणारा नकाशा, हाही उपयोगी आहे, पण जपून. डोंगराळ भागात त्यावरची ठळक रेघ माउंटन बाईकवाल्यांची असू शकते. त्यांना जी वाट मजेची वाटते तिथे ग्रॅव्हल बाईकचा खाली वळलेला ड्रॉप हँडलबार धरून उतरणं म्हणजे शिक्षा.

उंचीचे आकडे अशा प्रदेशात हमखास फसवतात. ॲप जमिनीच्या उंचीचा नकाशा वापरतं, रस्त्याच्या उंचीचा नाही. काठाचा रस्ता बोगद्यातून जात असेल तर ॲपला बोगदा दिसत नाही, त्यावरचा डोंगर दिसतो, आणि सपाट रस्त्यावर दोनशे मीटरचा चढ-उतार जमा होतो. उभ्या कड्यालगतच्या वाटेचंही तसंच. रेघ पाच-दहा मीटर इकडेतिकडे सरकली तरी उंची बदलते. उंचीच्या आलेखात करवतीसारखे दात दिसले तर तो आकडा सोडा आणि समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) मोजा.

ते जमायला फार काही लागत नाही. नकाशावर दोन समोच्च रेषांमध्ये किती मीटरचं अंतर आहे ते आधी बघा, समजा २० मीटर. एक किलोमीटरच्या टप्प्यात तुमचा रस्ता पाच रेषा ओलांडत असेल तर १०० मीटर चढ झाला, म्हणजे सरासरी १० टक्के. रेषा एकसारख्या अंतरावर आहेत का हेही बघा, कारण सरासरी १० टक्क्यांत ५ आणि १८ टक्के दोन्ही लपून बसतात. सुट्या खडीवर १० टक्क्यांपर्यंत बसून चढता येतं. १५ टक्क्यांपुढे बहुतेक जण उतरून ढकलतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. फक्त ते वेळापत्रकात धरलेलं असावं.

शेवटची तपासणी ताज्या परिस्थितीची. डोंगरातले पूल आणि रस्ते पुराने, दरडीने जातात आणि नकाशावर तसेच राहतात. लेक डिस्ट्रिक्टमधल्या केसिक ते थ्रेलकेल्ड या जुन्या लोहमार्गावरच्या वाटेचे पूल डिसेंबर २०१५ च्या डेस्मंड वादळाने वाहून गेले. ती वाट पुन्हा सलग खुली व्हायला २०२० चा डिसेंबर उजाडला. स्थानिक वनखात्याच्या किंवा पर्यटन कार्यालयाच्या सूचना आदल्या दिवशी वाचा.

पायरी ३: जायला परवानगी आहे का?

रस्ता आहे म्हणजे सायकलला मुभा आहे असं नाही, आणि हा नियम सीमा ओलांडली की बदलतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये नकाशावर 'ब्रिडलवे' (घोड्यांची वाट) लिहिलेल्या वाटेवर सायकलला १९६८ च्या कायद्याने हक्क आहे, मात्र चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी वाट द्यावी लागते. 'फुटपाथ' लिहिलेल्या वाटेवर तो हक्क नाही. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने जबाबदारीने वागण्याच्या अटीवर जवळपास सगळीकडे मुभा दिली आहे. स्वीडन आणि फिनलंडमध्ये निसर्गात फिरण्याच्या सार्वत्रिक हक्कात सायकलही येते.

ऑस्ट्रियात मात्र नेमकं उलट आहे. १९७५ च्या वनकायद्याने जंगलात फिरण्याचा हक्क पायी चालणाऱ्याला दिला, सायकलला नाही. त्यामुळे तिथला वनरस्ता कितीही रुंद आणि मोहक असला तरी सायकलसाठी खुला असल्याची पाटी असेल तरच आत शिरायचं. जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात जंगलातल्या २ मीटरपेक्षा अरुंद वाटांवर सायकलला बंदी आहे. ॲप यातलं बरंच काही सांगत नाही. ते तुम्हाला ऑस्ट्रियातल्या बंद वनरस्त्यावरून बिनदिक्कत नेईल आणि दंड तुम्ही भराल.

पायरी ४: मार्गाला आकार द्या

एकच मोठं वर्तुळ आखायचं टाळा. मधल्या पट्ट्यात वर गेलात की खाली यायच्या वाटा मोजक्याच असतात, आणि वर्तुळाच्या लांबच्या टोकाला काही बिनसलं तर पुढे आणि मागे सारखंच अंतर पडतं. इंग्रजी आठाच्या आकड्याचा आकार जास्त सोयीचा. दोन लहान वर्तुळं एका गावात मिळतात. पहिलं झालं की तिथे पाणी भरायचं, आकाश बघायचं, पाय काय म्हणतात ते ऐकायचं आणि मग दुसऱ्याचं ठरवायचं.

मार्गावरच्या प्रत्येक मोठ्या चढानंतर खाली यायची एक वाट आधीच शोधून ठेवा. ती डांबरी असली तर उत्तम. परत यायची वाट आखताना सौंदर्य बघत बसू नका.

तलावांच्या प्रदेशातली सर्वांत मोठी सोय म्हणजे बोट, आणि सायकलवाले ती विसरतात. काठाचा वाईट रस्ता टाळायचा असेल तर तो तुकडा पाण्यावरून करा. सायकल घेतात का, किती घेतात आणि शेवटची फेरी कधी हे आधी विचारून घ्या. शेवटच्या बोटीची वेळ हीच त्या दिवसाची खरी मर्यादा, आणि मार्ग तिच्यापासून उलटा मोजत यायचं.

एक मार्ग उदाहरणादाखल आखून बघू, म्हणजे हे सगळं एकत्र कसं येतं ते कळेल. गार्डाच्या उत्तर टोकाला रिवा हे गाव आहे. तिथून दक्षिणेला काठाचा रस्ता बोगद्यांचा, म्हणून तो बाद. त्याऐवजी कड्यातून कोरलेला पोनालेचा जुना रस्ता घ्यायचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बांधलेला हा रस्ता आता मोटारींना बंद आहे. चालणारे आणि सायकलस्वार तो मिळून वापरतात, त्यामुळे आंधळ्या वळणावर वेग कमी हवा. दरड कोसळली की तो बंदही ठेवतात. या रस्त्याने ६५५ मीटर उंचीवरच्या लेद्रो तलावापाशी पोहोचायचं. हा पहिला थांबा आणि मागे फिरायची पहिली सोयीची जागा. पुढे आंपोला खिंडीपासून त्रेमाल्झोपर्यंत डांबरी चढ आहे. लांब असला तरी डांबरी असल्यामुळे ताकद वाया जात नाही. १६६५ मीटरवरच्या त्रेमाल्झोपासून खडी सुरू होते. थोडं आणखी चढून एक छोटा बोगदा लागतो आणि पलीकडे लष्करी रस्त्याची वळणं नोता खिंडीपर्यंत उतरतात.

इथे नकाशावर मोह होतो. खिंडीपासून कड्याच्या कडेकडेने थेट रिवाकडे परतणारी वाट दिसते आणि वर्तुळ छान पूर्ण होतं. ती माउंटन बाईकची वाट आहे. ग्रॅव्हल बाईकवाल्याने नोता खिंडीतून तिच्या विरुद्ध दिशेला, व्हेसिओ गावाकडे उतरावं, तिथून काठावरचं लिमोने गाव गाठावं आणि रिवाला बोटीने परत यावं. सुरुवात पाण्यालगत असल्याने एकूण चढ १७०० मीटरहून अधिक होतो. पहिल्याच दिवशी हे करायला जाऊ नये. लेद्रोपर्यंत जाऊन त्याच वाटेने परत येणं हाही भरगच्च अर्धा दिवस आहे.

पायरी ५: वेळेचं गणित

किलोमीटर विसरा, चढ मोजा. माझा ठोकताळा असा: खडीवर सपाटीला ताशी १८ किलोमीटर, आणि चढाच्या दर ६०० मीटरला एक तास जास्तीचा. आलेल्या बेरजेत चौथा हिस्सा थांब्यांसाठी मिळवायचा. ६० किलोमीटर आणि १५०० मीटर चढाचा मार्ग घ्या. अंतराचे साधारण ३ तास २० मिनिटं, चढाचे अडीच तास, म्हणजे पावणेसहा-सहा तास. थांबे धरून सव्वासात. डांबरी रस्त्यावर ६० किलोमीटर तीन तासांत करणारा माणूस इथेच चुकतो आणि अंधारात उतरतो. सोबत सामान असेल किंवा रस्ता ग्रेड ३ चा असेल तर ६०० च्या जागी ४५० धरा.

पायरी ६: सायकल या रस्त्यासाठी लावून घ्या

पहिलं गिअर. सगळ्यात हलक्या गिअरला पुढच्या चक्राचे दात मागच्या चक्राच्या दातांपेक्षा कमी असावेत, निदान बरोबरीचे तरी. पुढे ४० आणि मागे ५० दात असले तर पायडलच्या एका फेरीत मागचं चाक ०.८ वेळा फिरतं. चाकाचा घेर सुमारे २.२ मीटर. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर वेग ताशी साधारण सव्वासहा किलोमीटर येतो, आणि १० टक्क्यांच्या खडीच्या चढावर सामान्य माणसाचा वेग तेवढाच असतो. गिअर याहून जड असेल तर फेऱ्या ४५-५० वर येतात, प्रत्येक रेट्याला मागचं चाक घसरतं आणि गुडघे संध्याकाळी हिशेब मागतात. सपाट भागातल्या शर्यतींसाठी विकत घेतलेल्या ग्रॅव्हल बाईकवर हा गिअर बहुधा नसतो. दुकानदाराला मोठी कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) बसेल का, त्यासाठी डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) बदलावा लागेल का, हे निघण्यापूर्वी विचारा.

टायर ४० मिलिमीटरपेक्षा बारीक नको, ४५ असेल तर मन निवांत राहतं. ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला) आणि आत ताजं सीलंट, म्हणजे छिद्र आपोआप बुजवणारा द्रव. काही महिन्यांत ते वाळून जातं, म्हणून सहलीआधी व्हॉल्व्ह काढून बघा. हवेबाबत बहुतेकांचा हात सढळ असतो. ७५ किलोच्या माणसाने ट्यूबलेस ४० मिलिमीटर टायरमध्ये ३० ते ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), ४५ मध्ये २५ ते ३० पीएसआयपासून सुरुवात करावी आणि मागे दोन-तीन पीएसआय जास्त ठेवावेत. टायर खडीवर उडत असेल तर हवा जास्त आहे. दगडावर रिम ठणकन वाजली तर कमी.

ब्रेकचे पॅड निघण्यापूर्वी काढून बघा. घासणारा थर १ मिलिमीटरच्या आसपास आला असेल तर बदलून टाका, कारण ओल्या, बारीक वाळूच्या हजार मीटर उतारावर रेझिनचे पॅड पाहता पाहता झिजतात. जास्तीचा एक जोड सोबत ठेवा. तो खिशात मावतो.

बाकी सामान नेहमीचंच: एक ट्यूब (ट्यूबलेस असलं तरी), छिद्र बुजवायच्या ट्यूबलेसच्या वाती, टायर फाटला तर आतून लावायला जाड तुकडा, हातपंप, तुटलेली चेन जोडायची क्विक लिंक, चेन तोडायचं अवजार आणि आपल्याच सायकलला बसणारा डिरेलर हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा). हा हँगर मात्र विसरू नका. दगड लागला की तोच आधी वाकतो आणि मधल्या पट्ट्यात तो कुठेही मिळत नाही.

पायरी ७: वारा आणि आकाश पाहून निघण्याची वेळ ठरवा

मोठ्या तलावांवरचा वारा बराचसा घड्याळ लावल्यासारखा वाहतो, निदान स्वच्छ हवेच्या दिवसांत. रात्री डोंगर थंड होतात आणि सकाळी हवा डोंगराकडून तलावाकडे उतरते. ऊन चढलं की डोंगरउतार तापतात आणि दुपारी वारा उलटा, दरीच्या वरच्या अंगाला वाहतो. गार्डावर सकाळच्या उत्तरेच्या वाऱ्याला पेलेर आणि दुपारच्या दक्षिणेच्या वाऱ्याला ओरा म्हणतात. कोमो तलावावर हेच काम तिवानो आणि ब्रेव्हा करतात. मार्गाची दिशा यावरून ठरवा. सकाळी दरीच्या खालच्या अंगाला जायचं आणि दुपारी वरच्या अंगाला परतायचं, म्हणजे दोन्ही वेळा वारा पाठीशी. थकलेल्या पायांना दुपारी समोरून वारा लागला की सपाट रस्ताही चढ होऊन बसतो.

उंचीबरोबर तापमान दर हजार मीटरला सुमारे साडेसहा अंशांनी उतरतं. काठावर २२ अंश असले तर १२०० मीटर वर १४ च्या आसपास असतील. घामाने भिजलेल्या कपड्यांनिशी तिथून ताशी ४० च्या वेगाने उतरायला लागलात की बोटं आखडतात आणि ब्रेक दाबायला जोर उरत नाही. म्हणून वाऱ्याचं जाकीट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे भर उन्हाळ्यातही सोबत हवेत. ते उतार सुरू होण्याआधी घालायचे. मधेच थांबून घालायचा विचार फार उशिरा सुचतो.

उन्हाळ्यात डोंगरावरचं वादळ बहुतेकदा दुपारनंतर जमतं. म्हणून मार्गातला सर्वांत उंच भाग एक वाजायच्या आत मागे टाकायचा. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर वादळ साधारण १० किलोमीटरच्या आत आहे. उघड्या खांद्यावरून लगेच खाली या, एकट्या झाडाखाली थांबू नका आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या.

पायरी ८: प्रत्यक्ष रस्त्यावर

चढावर बसून राहा, खोगिराच्या पुढच्या टोकाकडे सरका आणि कोपर वाकवून छाती खाली आणा. उभं राहिलात की मागच्या चाकावरचं वजन जातं आणि ते घसरतं. चाकोरी धरा. दोन चाकोऱ्यांच्या मधे आणि कडेला सुटी खडी साचलेली असते.

उतारावर हात ड्रॉप्सवर, म्हणजे हँडलबारच्या खालच्या वळणावर. तिथून लिव्हरवर दोन बोटांत पुरेसा जोर येतो आणि खड्ड्यात हात निसटत नाही. वळणाआधी सरळ रेषेत वेग कमी करा, वळणात ब्रेक सोडा. ब्रेक सतत चाटवत ठेवले की डिस्क तापते. जोरात दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे. वनरस्त्याच्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला ट्रकच्या चाकांनी उडवलेली खडी जमा झालेली असते, तिकडे जायचं नाही.

वनरस्त्यांवर एक सापळा असतो आणि त्याची पाटी कुठेच नसते. पावसाचं पाणी रस्ता धुऊन नेऊ नये म्हणून रस्त्यात तिरक्या पन्हळी बसवलेल्या असतात, लाकडाच्या किंवा लोखंडाच्या, तळहाताएवढ्या रुंद. उतारावर त्या सावलीत दिसत नाहीत. चाक पन्हळीला तिरकं लागलं तर आत अडकतं किंवा ओल्या लोखंडावरून निसटतं. ती दिसली की सायकल क्षणभर वळवून तिला काटकोनात ओलांडा, पुढचं चाक किंचित हलकं करा आणि ब्रेक सोडलेले ठेवा. एक दिसली की ठरावीक अंतराने पुढच्याही येणार हे धरून चाला. गुरं अडवायला रस्त्यात टाकलेल्या लोखंडी गजांच्या जाळीलाही हीच रीत: सरळ, ब्रेक न लावता आणि पायडल न मारता.

कुरणात फाटक जसं होतं तसंच ठेवायचं. बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं. विजेच्या कुंपणाची तार रस्त्यावर आडवी असेल तर प्लॅस्टिकच्या मुठीने काढायची, पलीकडे जायचं आणि परत अडकवायची. सायकलचं धातूचं अंग तारेला लागू द्यायचं नाही. गाईंबरोबर वासरं असतील तर उतरून, सायकल मधे ठेवून, लांबून वळसा घाला. वासरू आणि त्याची आई यांच्या मधून कधीच नाही.

कामाच्या दिवशी वनरस्त्यावर लाकडाचे ट्रक असतात. करवतीचा आवाज आला तर थांबा. रस्ता बंदची पाटी असेल तर ती सायकललाही लागू आहे. रचलेल्या ओंडक्यांवर टेकून फोटो काढायचा मोह आवरा, ते ढीग घसरतात.

पाणी, खाणं आणि मदत

तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी आणि ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, तहान-भूक लागायची वाट न बघता. इतकं पाणी आजूबाजूला असूनही मधल्या पट्ट्यात पिण्याजोगं पाणी कमी असतं. कुरणाच्या खालून येणारा ओढा स्वच्छ दिसला तरी वर गुरं असतात, तेव्हा फिल्टरशिवाय नाही. तलावाच्या पाण्यावर उन्हाळ्यात हिरवा-निळा तवंग दिसला तर ते फिल्टर करूनही पिऊ नका. त्या शेवाळाचं विष साध्या फिल्टरने जात नाही.

खोल दरीत फोनला रेंज नसते. नकाशा आधीच उतरवून घ्या आणि परतायची वेळ कुणाला तरी सांगून ठेवा. युरोपियन युनियनच्या सगळ्या देशांत तातडीच्या मदतीचा क्रमांक ११२ आहे. तो फिरवताना जवळच्या गावाचं नाव सांगून भागत नाही, नकाशावरचे अक्षांश-रेखांश वाचून दाखवा.

परत आल्यावर

सायकल धुताना ब्रेकवर जोराचा फवारा मारू नका, साध्या पाण्याने वाळू काढा आणि पॅड पुन्हा बघा. टायरवरून हात फिरवून चिरा आणि रुतलेले दगड शोधा. सीलंटने बंद केलेलं छिद्र दुसऱ्या दिवशी तसंच टिकेल याची खात्री नसते. मग, आठवण ताजी आहे तोवर, मार्गाची फाइल उघडून बंद फाटक, वाहून गेलेला पूल, पाण्याचा नळ अशा जागा तिच्यात टाका. ओपनस्ट्रीटमॅपवर चुकीची प्रत दिसली असेल तर तीही दुरुस्त करा. खातं उघडायला पैसे पडत नाहीत, आणि पुढच्या माणसाचं ॲप तीच नोंद वाचणार असतं.